हिवाळ्याचं पत्र

दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी
मी हे पत्र लिहिते. एकवीस वर्षं झाली.
मजकूर तोच, तारखा तेवढ्या बदलते,
आणि मुख्याध्यापक बदलले की खालची सही.

प्रिय पालकहो,
बर्फाची विजार, बूट, टोपी, हातमोजे रोज पाठवा.
फारच गारठा नसेल तर मुलं मधल्या सुट्टीत बाहेर खेळतील.
(फारच म्हणजे किती, ते मी ठरवत नाही.)
प्रत्येक वस्तूवर नाव घाला.
हरवलेल्या वस्तूंचं टेबल जिमच्या दाराशी आहे.
आजची मोजदाद: जोडीदार नसलेले हातमोजे सतरा,
दातांची तार, डबीसकट, एक,
आणि एक डावा बूट, आकड्यात सांगायचं तर चार नंबर.
एकाच बुटात मूल घरी कसं गेलं
हे विचारायचं मी कधीच सोडून दिलंय.
शाळा बंद असेल तर पहाटे साडेपाचला फोन येईल.
हिवाळ्यात बस उशिरा येऊ शकते,
कृपया संयम बाळगा.

इथवर हात आपोआप चालतो.
या वर्षी इथेच अडला.

गेल्या गुरुवारी पहाटे
आर्मां थिबोडो नदीकाठचा रस्ता पाहून आला,
मिशीतला बर्फ न पुसताच म्हणाला,
लॉरेन, बस जाणार नाही.
मी बटण दाबलं.
तीनशे अकरा घरांत फोन वाजले,
तीनशे अकरा घरांत मुलं पुन्हा पांघरुणात शिरली.
एक नंबर जुना होता.

बटाट्याच्या कोठाराशी, वळणावर,
सहावीतली डिव्हीन शिबांगू
आणि तिचा तिसरीतला भाऊ एक्सोसे
उभे राहिले. अंधार होता तोवर.
मग उजाडलं, तरी.
आई वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीवरून यायची होती.
बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला ती दिसली तेव्हा
पन्नास मिनिटं झाली होती.
डिव्हीनने आपली टोपी त्याला घातली होती,
त्याच्या टोपीवरून.
चला म्हणाला तर येईनात.
पत्रात लिहिलंय, ती म्हणाली,
संयम बाळगा.

दुसऱ्या दिवशी त्यांची आई आली.
मला वाटलं, आता ओरडेल. मी तयार होते.
तिने पर्समधून माझं गेल्या वर्षीचं पत्र काढलं,
चार घड्या घातलेलं,
त्या ओळीवर बोट ठेवलं
आणि फ्रेंचमधून विचारलं, अगदी शांतपणे,
संयम म्हणजे किती मिनिटं?

माझी फ्रेंच आजीकडची. गंजलेली.
याच इमारतीत, याच जिन्याखाली,
माझ्या आईला ती बोलल्याबद्दल
शंभर वेळा लिहावं लागलं होतं,
मी शाळेत इंग्रजीच बोलेन.
मी शब्द चाचपडत राहिले.
आणि शब्द सापडले तरी
उत्तर कुठे होतं माझ्याजवळ?
एकवीस वर्षं मी लोकांना संयम वाटत होते,
कधी मोजून दिला नव्हता.

मुख्याध्यापक म्हणतात, पत्र एका पानातच बसवा.
बसवलं. शुभेच्छांचा परिच्छेद काढला,
हिममानवांचं चित्रही.

आता तिथे असं आहे:
बसची वाट दहा मिनिटं पाहा. घड्याळ लावून.
मग घरी जा.
घरी कोणी नसेल तर कोठारापलीकडच्या
निळ्या दाराच्या घरी जा, तिथे आर्मांची बहीण राहते,
ती साडेचारला उठते, तिला विचारलेलं आहे.
फोन नंबर बदलला असेल तर आजच कळवा.
नाही कळवलात तर मी घरी येईन.

खाली हेच सगळं फ्रेंचमध्ये.
तीन चुका डिव्हीनने दुरुस्त केल्या, लाल पेनाने,
आणि चौथी राहू दिली.
म्हणाली, चूक आहे,
पण आमची आजी असंच म्हणायची.

डावा बूट अजून टेबलावर आहे.
शुक्रवारपर्यंत न्या.